शहर कोसळते तेव्हा : एका जपानी खेळाची ओळख

नातवंडे पडद्यासमोर बसून जे खेळ खेळतात ते आपल्या पिढीला बहुधा सगळे सारखेच दिसतात. धावपळ, गोळीबार, आरडाओरडा. म्हणून "काय खेळतोस रे?" असे विचारून उत्तराची वाट न पाहता आपण आपल्या कामाला लागतो. परंतु या खेळांमध्ये एक जपानी मालिका अशी आहे की जिची ओळख आपल्या वयाच्या वाचकांनी अवश्य करून घ्यावी. तिच्या नायकाच्या हाती बंदूक नाही, तलवार नाही. त्याच्या पाठीवर एक पिशवी आहे, त्याला तहान लागली आहे, आणि त्याच्या भोवतीचे शहर भूकंपाने कोसळते आहे. त्या शहरातून जिवंत बाहेर पडणे, एवढाच खेळ.

जपानी भाषेत या मालिकेचे नाव 'झेत्ताई झेत्सुमेई तोशी' असे आहे. तोशी म्हणजे शहर. आधीच्या दोन शब्दांचा अर्थ, सगळ्या वाटा बंद झालेल्या, आता सुटका नाही, असा होतो. इकडे आड तिकडे विहीर असे आपण म्हणतो, त्याच्या जवळपासचा. इंग्रजी आवृत्तीला 'डिझास्टर रिपोर्ट' हे नाव दिले गेले. पहिला खेळ २००२ साली आयरेम नावाच्या जपानी कंपनीने प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी काढला. त्याची कल्पना आणि दिग्दर्शन काझुमा कुजो यांचे.

ज्यांनी असा खेळ कधी हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कादंबरीत नायक काय करणार हे लेखकाने आधीच ठरवलेले असते. आपण फक्त पाने उलटतो. इथे नायकाचे पाय आपल्या हातात असतात. हातातल्या खटक्याने तो चालतो, धावतो, वाकतो, वस्तू उचलतो. रस्ता खचलेला असेल तर दुसरी वाट आपणच शोधायची. दोर, लोखंडी पहार, विजेरी, जे सापडेल ते पिशवीत भरायचे, पण पिशवीला मर्यादा असल्यामुळे काय घ्यायचे आणि काय टाकायचे याचा विचार करावा लागतो. मधूनच जमीन पुन्हा हादरते. त्या वेळी नायकाला खाली बसवून सावरावे लागते. उभाच राहिला तर तोल जाऊन पडतो, आणि वरून भिंत आली तर संपलाच.

पहिल्या खेळातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे पाणी. पडद्यावर नायकाच्या तहानेचे एक मोजमाप दिसते. चालले की ते घटते, धावले की अधिक वेगाने घटते. ते संपत आले की नायकाची शक्तीही जाते. त्यामुळे मोडक्या इमारतींतून हिंडताना डोळे सारखे एकच गोष्ट शोधत असतात, ती म्हणजे चालू असलेला नळ. आणि गंमत अशी की खेळ जिथवर आला तिथे खूण करून ठेवण्याची सोय, ज्याला मुले 'सेव्ह' म्हणतात, तीही अशा पाण्याच्या जागीच आहे. पुस्तकात दोरा घालून ठेवावा तशी ही खूण. पुढे नायक मेला तर खेळ पुन्हा त्या नळापासून सुरू होतो. कोकणात आड आटल्यावर दोन कळशांसाठी पायपीट करणाऱ्या घरांत जे वाढले, त्यांना पाण्याची किंमत खेळातून शिकावी लागत नाही. पण नळ फिरवला की पाणी येणारच अशा समजुतीत वाढलेल्या मुलाला ती या खेळात पहिल्या घटकाभरातच कळते.

या खेळातले शहर एका कृत्रिम बेटावर वसवलेले आहे. नायक हा त्या शहरातल्या वर्तमानपत्रात रुजू होण्यासाठी नुकताच आलेला बातमीदार आहे. भूकंप होतो, पूल तुटतात, आणि समुद्रात भर घालून केलेली जमीन हळूहळू बुडू लागते. हे वाचून कुणाला कपोलकल्पित वाटेल, पण जपानात अशी बेटे खरोखर आहेत. कोबे शहरासमोर समुद्रात भर घालून तयार केलेले 'पोर्ट आयलंड' आहे. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबेला भूकंप झाला तेव्हा या बेटाच्या जमिनीतून चिखलपाणी वर आले आणि बेटाचा मोठा भाग त्यात माखला. याचे कारण समजायला सोपे आहे. अलिबाग-नवगावच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत उभे राहून आपण पाय हलवत असू तेव्हा काय होई? घट्ट वाटणारी वाळू सैल पडे, पाणी वर येई आणि पाय आत जाई. भूकंप भर घातलेल्या ओल्या जमिनीला असेच हलवतो. वरच्या इमारतींना मग आधार उरत नाही.

पुढच्या खेळांत संकट बदलले आणि त्याबरोबर मोजमापही बदलले. दुसऱ्या खेळात शहरावर पूर येतो आणि दिवस हिवाळ्याचे आहेत. तिथे तहानेऐवजी अंगातली ऊब मोजली जाते. भिजलेला माणूस गारठून मरू नये म्हणून शेकोटी, कोरडे कपडे, गरम पेय शोधावे लागते. २००९ साली आलेल्या तिसऱ्या खेळात मनावरचा ताण मोजला गेला. म्हणजे पाणी, ऊब आणि मनाचा धीर. आपत्तीत माणसाला आधी काय लागते याची ही यादीच म्हणायची.

चौथा खेळ २०११ च्या वसंतात बाजारात यायचा होता. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्येस समुद्राखाली ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. त्यामागून आलेल्या त्सुनामीच्या लाटांनी गावेच्या गावे धुऊन नेली. मृत आणि बेपत्ता माणसांची संख्या अठरा हजारांच्या वर गेली. तीन दिवसांनी, १४ मार्चला, आयरेमने हा खेळ रद्द केल्याचे जाहीर केले. ज्या देशात लोक अजून आपली माणसे शोधत होते, तिथे कोसळत्या शहराचा खेळ दुकानात मांडणे कंपनीला शक्य वाटले नाही.

कुजो यांनी ती कंपनी सोडली आणि काही जुन्या सहकाऱ्यांसह त्याच वर्षी ग्रॅनझेला नावाची नवी कंपनी काढली. पुढे त्यांनी या मालिकेचे हक्क मिळवले आणि २०१८ च्या नोव्हेंबरात चौथा खेळ जपानात आला. इंग्रजीत तो २०२० च्या एप्रिलमध्ये, सारे जग घरात कोंडलेले असताना आला. ही कंपनी ज्या इशिकावा प्रांतात आहे, त्याच प्रांतातल्या नोतो भागाला १ जानेवारी २०२४ रोजी, नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, ७.६ तीव्रतेच्या भूकंपाने हादरवले. जपानी माणसाला हा विषय दूरचा नाही. त्यांच्याकडे तो शेजारी राहतो.

संकटाचा खेळ करावा का, असा प्रश्न २०११ मध्ये जपानी लोकांनाही पडला होता आणि तो रास्त आहे. माझे मत असे की खेळ संकटाची टिंगल करतो की संकटातल्या माणसाकडे पाहायला लावतो, यावर ते अवलंबून आहे. चौथा खेळ या कसोटीवर तपासून पाहण्याजोगा आहे.

या खेळात भूक, तहान, ताण आणि अगदी शौचाला जाण्याची गरजसुद्धा मोजली जाते. मुले यावर हसतात. पण मिकलाटमध्ये तासन्‌तास बसून काढलेल्या वाचकांना यात हसण्याजोगे काही वाटणार नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक माणसाशी कसे वागायचे हे खेळणाऱ्याला निवडावे लागते. मदत करायची, पुढे निघून जायचे, की त्याच्या अडचणीत आपला फायदा पाहायचा? एका दुकानात तर विक्रेत्याच्या जागी उभे राहून तहानलेल्या लोकांना वाढीव भावाने माल विकण्याची सोयही आहे. चांगल्या वागण्याचे आणि वाईट वागण्याचे गुण वेगवेगळे मांडले जातात. मात्र वाढीव भाव लावणाऱ्याला पकडायला कोणी पोलीस धावत येत नाही. आकडा तिथे राहतो आणि खेळणाऱ्याला तो दिसतो, बस्स.

याच खेळात अफवा आणि परक्या माणसाबद्दलचा संशयही येतो. जपानात या गोष्टीला जुना आणि काळा इतिहास आहे. १ सप्टेंबर १९२३ रोजी तोकियो आणि योकोहामा भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झाली, एक लाखाहून अधिक माणसे गेली. त्यानंतरच्या दिवसांत अशी अफवा उठली की कोरियन लोक विहिरींत विष टाकत आहेत. त्या अफवेवर विश्वास ठेवून जमावांनी हजारो निरपराध कोरियन माणसांना मारले. विहिरीत विष टाकल्याचा आळ! यहुदी वाचकाला या शब्दांचा अर्थ वेगळा सांगायला नको. १३४८ साली युरोपात प्लेग पसरला तेव्हा आपल्या लोकांवर हाच आळ आला होता, आणि वस्त्याच्या वस्त्या जाळल्या गेल्या. संकट आले की तहानलेला माणूस पाण्याआधी गुन्हेगार शोधू लागतो. हा रोग कोणत्याही एका देशाचा नाही.

आपल्या धर्मग्रंथांनी हे प्रश्न फार पूर्वी विचारलेले आहेत. तालमुदात बाबा मेत्सिया या भागात एक चर्चा आहे. दोघे वाळवंटातून चालले आहेत. एकाच्या हातात पाण्याचे एकच भांडे आहे. दोघांनी प्यायले तर दोघेही मरतील, एकाने प्यायले तर तो वस्तीपर्यंत पोहोचेल. बेन पेतुरा यांचे म्हणणे असे की दोघांनी प्यावे, एकाने दुसऱ्याचे मरण पाहू नये. रब्बी अकिवा यांनी मात्र तोराहच्या आधारे निर्णय दिला की अशा वेळी आपला जीव आधी. मते दोन असली तरी प्रश्न किती नेमका आहे पाहा. जपानी खेळातला मुलगा पाण्याची एक बाटली हातात धरून याच जागी येऊन उभा राहतो.

दुसरे उदाहरण मिश्नामधल्या योमा या ग्रंथाच्या आठव्या अध्यायातले आहे. शब्बाथच्या दिवशी कुणावर इमारत कोसळली तर काय करावे? तो खाली आहे की नाही याची शंका असो, जिवंत आहे की मेला याची शंका असो, यहुदी आहे की परका याची शंका असो, त्याच्यावरचा ढिगारा उपसावा. शब्बाथ मध्ये येऊ देऊ नये. 'पिकुआख नेफेश', म्हणजे जीव वाचवण्याचे कर्तव्य, आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याचा मूळ दाखला कोसळलेल्या घराचा आहे हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. आधी विचारपूस करा, मग खणा, असे तो सांगत नाही. आधी खणा, असे सांगतो.

आणि खणणार कोण? कोबेच्या भूकंपाने याचे उत्तर दिले आहे. तिथे ६,४३४ माणसे दगावली. पुष्कळ जण आपल्याच घराखाली दबून गेले. जुनी लाकडी घरे, वर जड कौले, आणि वेळ पहाटेची. १९९३ मध्ये किल्लारीला दगडमातीच्या जड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या, तसेच हे. जमीन हलते, पण जीव घेते ते घर. कोबेत रस्ते ढिगाऱ्यांनी अडले, पाण्याच्या वाहिन्या फुटल्यामुळे आगीच्या बंबांना पाणी मिळेना. अशा स्थितीत ढिगाऱ्याखालून जी माणसे जिवंत निघाली त्यांतली सुमारे तीन-चतुर्थांश घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढली, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे. सरकारी पथके नंतर पोहोचली.

यातली एक हकीकत मला फार मोलाची वाटते. भूकंपाचा केंद्रबिंदू कोबेजवळच्या आवाजी बेटाच्या उत्तर टोकाशी होता. त्या बेटावर होकुदान नावाचे गाव होते. तिथली घरे मोठ्या संख्येने कोसळली आणि सुमारे तीनशे माणसे अडकली. पण गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या लोकांना आणि शेजाऱ्यांना कोणत्या घरात कोण राहते, आणि म्हातारी माणसे कोणत्या खोलीत निजतात, हेसुद्धा ठाऊक होते. त्यामुळे ढिगाऱ्यावर उभे राहून नेमके कुठे खणायचे हे त्यांना कळले. त्याच दिवशी दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येकाचा ठावठिकाणा लागला. यंत्रे त्यांच्याकडे फार नव्हती. शेजाऱ्याची माहिती होती.

खेळात आणि खऱ्या जगात एक फरक आहे तो इथे सांगितला पाहिजे. खेळाचा नायक तरुण असतो. त्याला नळापासून पुन्हा सुरुवात करता येते. आपल्याला ती सोय नाही. कोबेत मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे साठीच्या पुढची होती.

आता आपल्या घराकडे वळू. इस्राएल भूकंपाचा देश नाही अशी कुणाची समजूत असेल तर ती सोडावी. जॉर्डनची दरी, मृत समुद्र आणि अरावा यांच्या रेषेत जमिनीतला मोठा भेग-पट्टा आहे. १ जानेवारी १८३७ च्या भूकंपात त्स्फात शहर उद्ध्वस्त झाले. ११ जुलै १९२७ च्या भूकंपात जेरुसलेम, नाब्लुस, लोद, तिबेर्या अशा शहरांत घरे पडली आणि शेकडो माणसे गेली. १९९५ च्या नोव्हेंबरात एलातला जोराचा हादरा बसला. दिमोना, येरुखाम, बेर शेवा, लोद, किर्यात गात इथल्या जुन्या शिकूनांत आपली बरीच मंडळी आजही राहतात. १९८० पूर्वी बांधलेल्या इमारती भूकंपाचा विचार करून बांधलेल्या नाहीत असे सामान्यपणे धरले जाते, आणि अशा जुन्या घरांत ममादही नसतो.

रॉकेटच्या भोंग्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की भूकंपातही आपण तेच करू अशी भीती वाटते. म्हणून पिकूद हाओरेफच्या सूचनांतला फरक लक्षात ठेवावा. भूकंपात, चटकन बाहेर पडता येत असेल, म्हणजे तळमजल्यावर वगैरे असाल, तर मोकळ्या जागेत जावे. ते शक्य नसेल तर ममादमध्ये जावे, पण रॉकेटच्या वेळी बंद करतो ते दार इथे उघडे ठेवावे, नाहीतर चौकट वाकून ते अडकेल. ममाद नसेल तर जिन्यात जावे. लिफ्ट वापरू नये. यातले काहीच जमत नसेल तर भक्कम टेबलाखाली किंवा आतल्या भिंतीशी खाली बसून डोके झाकावे. चाकाच्या खुर्चीवर असाल तर चाके अडकवून डोके सांभाळावे. पाण्याचा हिशेब जपानात माणशी दिवसाला ३ लिटर, निदान तीन दिवसांसाठी, असा सांगतात. आपणही तेवढे बाजूला ठेवावे. त्याबरोबर औषधे, विजेरी, शिट्टी आणि पलंगाखाली बंद पायताण. काचांच्या तुकड्यांवरून अनवाणी चालता येत नाही.

याहून एक गोष्ट अधिक जरुरीची, आणि तिला पैसे पडत नाहीत. तुमच्या जिन्यातल्या दोन घरांना सांगून ठेवा की तुम्ही कोणत्या खोलीत निजता. त्यांचीही माहिती विचारून घ्या. नव्याने राहायला आलेल्या रशियन किंवा इथिओपियन कुटुंबाशी केवळ "शालोम" पुरते बोलणे असेल तर ते थोडे वाढवा. सांभाळायला घरी मेतापेलेत असेल, ती नेपाळची असो, फिलिपिन्सची असो की आपल्या भारतातली, तर तिचे नाव आणि तिची निजण्याची जागाही शेजाऱ्यांना ठाऊक असू द्या. ढिगारा उपसताना यहुदी की परका हे विचारायचे नाही, असे मिश्ना सांगते. मग यादी करताना तरी ते का विचारावे?

मुंबईच्या चाळीत आणि कोकणातल्या आळीत ही माहिती कुणाला मागावी लागत नसे. कोण आजारी आहे, कोण गावाला गेले आहे, कुणाची आजी ओटीवर निजते, हे सगळ्यांना ठाऊक असे. त्याला आपण कधी कधी चोंबडेपणाही म्हणत असू. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाचा धक्का मुंबईपर्यंत जाणवला, तेव्हा सगळी चाळ अंगणात आली आणि कोण आले नाही हे डोकी न मोजता कळले. तेच ज्ञान होकुदानच्या कामी आले.

पुढच्या वेळी नातू हा खेळ घेऊन बसला तर त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. हादरा आला की तो नायकाला खाली बसवतो का ते पाहा. पाण्याची बाटली कुणाला दिली आणि का, हे त्याला विचारा. दुकानात भाव वाढवला असेल तर रागावू नका, बेन पेतुरा आणि रब्बी अकिवा यांची गोष्ट सांगा, आणि तुझे मत काय ते विचारा. मग त्याला बरोबर घेऊन खालच्या मजल्यावर जा, शेजाऱ्यांचे दार वाजवा, आणि तुमची खोली कोणती ते सांगून या.